पहिल्यांदाच अरेपा करताय? मग एवढंच सांभाळा

अरेपा म्हणजे व्हेनेझुएलाची मक्याची जाड भाकरी, भाजून झाली की पोट फाडून आत सारण भरायचं. सगळ्यात आधी पीठ. आपलं भाकरीचं मक्याचं पीठ चालत नाही, कॉर्नफ्लोर तर नाहीच नाही. अरेपाला आधी शिजवून वाळवलेल्या मक्याचं पीठ लागतं, व्हेनेझुएलात 1960 पासून घरोघरी असलेलं हारिना पान ब्रँडचं पीठ मिळालं तर उत्तम. मी पहिल्या वेळी साधं पीठ वापरलं आणि तव्यावर नुसता भुगा झाला, त्यामुळे इथे काटकसर नको.

अडीच कप कोमट पाणी, चमचाभर मीठ, आणि त्यात हळूहळू दोन कप पीठ. उलटं केलंत की गुठळ्या झाल्याच समजा. मळून पाच मिनिटं झाकून ठेवा, पीठ पाणी पीत राहतं. मग गोळा थापून बघा, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा, नव्या माणसाचं नव्वद टक्के इथेच बिघडतं.

जाडी बोटभर ठेवा, पातळ केलंत तर पोट फाडून भरणार कुठे? सारण आधी भरायचं नाही हं, हा काही पराठा नाही.

- आच मध्यम, प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटं
- डाग पडेपर्यंत उलटू नका, चिकटलं तर थांबा, आपोआप सुटतं
- मग ओव्हनमध्ये 180 डिग्रीला दहा-पंधरा मिनिटं, टिचकी मारल्यावर पोकळ वाजलं की झालं

पहिल्यांदा काळे बीन्स आणि किसलेलं पांढरं चीज भरा, त्याला तिकडे डोमिनो म्हणतात. चिकन-अव्होकाडोची रेना पेपियादा नंतर बघू, आधी चार अरेपे न फाटता होऊ देत.