उन्हात राबताना काय प्यावं: ओआरएस, ग्लुकोज पावडर की ताक?

प्रश्न परभणीकडच्या मे महिन्यातल्या शेतकामाचा आहे, म्हणून सरळ सांगतो. ग्लुकोज पावडरमध्ये साखर भरपूर, मीठ नावालाच. घामातून जातं ते पाणी आणि मीठ; ती पावडर तरतरी देते, मिठाची तूट भरून काढत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम चांगलं, पण सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य क्षार, कमी.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, गणित वेगळं. 1 लिटरमध्ये मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात, त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं. जुलाब, उलट्या असतील तर हेच. पण लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवू नका! ते घट्ट पाणी उलट आतड्यात पाणी खेचतं आणि जुलाब वाढतात. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, मागचं लेबल वाचा. कालवलेलं 24 तासांत संपवा.

रोजच्या कामाला एवढं लागत नाही. पोटभर जेवण, माठातलं पाणी, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक पुरे. तहानेची वाट न बघता दर 20 मिनिटांनी पेलाभर प्या. तासाला साधारण 1.4 लिटरच्या वर नको, नुसतं पाणी ढोसल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. लघवी गडद पिवळी म्हणजे कमी पडतंय.

बीपी, किडनीवाल्यांनी मीठ डॉक्टरांना विचारूनच. माणूस बरळायला लागला तर तोंडात काही ओतू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, 108 लावा.