फास्ट चार्जिंग स्टेशनसाठी जागा मिळतेय, परवानग्यांची सुरुवात कुठून करू?

हमरस्त्यालगतची जागा भाडेकराराने मिळतेय, चार फास्ट चार्जर बसवायचेत, तर आधी कोणत्या परवानग्या काढू, मशीन कोणतं घेऊ आणि किती वेळ धरू, असं तुम्ही विचारलंय. मशीनचा विषय सध्या बाजूला ठेवा. कोटेशनं कधीही मिळतील. मी अशा स्टेशनांचे विद्युत आराखडे करतो आणि बहुतेक प्रकल्प अडकलेले बघितलेत ते विजेपाशी. त्यामुळे पहिला अर्ज वीज कंपनीकडे करा, तोही करारावर सही करण्याआधी.

आकडाच मांडून बघा. चार चार्जर प्रत्येकी १२० किलोवॅटचे, म्हणजे गाड्यांकडे जाणारी वीज ४८० किलोवॅट. एसीचं डीसी करताना साधारण पाच टक्के उष्णतेत जातात. त्यात पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा वाटा) धरला की मागणी ५१५ केव्हीएच्या (ट्रान्सफॉर्मरचं माप ज्यात मोजतात ते एकक) आसपास पोचते. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर इथेच तोकडा पडला. पुढचं प्रमाणित माप ६३०. एवढा भार शेजारच्या दुकानांना वीज देणाऱ्या लाइनवर सहसा बसत नाही. उच्चदाबाची जोडणी, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं), मीटरिंगची व्यवस्था हे सगळं आलं, आणि त्या सगळ्याला जागा लागते. एका गाडीची पार्किंगची जागा त्यात सहज जाते. भाड्याच्या बोलण्यात हे कुणीच धरत नाही.

वीज कंपनीला नेमकं विचारा: त्या फीडरवर (त्या भागाला वीज पुरवणाऱ्या मुख्य लाइनवर) किती भार शिल्लक आहे, जोडणी कुठून देणार आणि तिथपर्यंतच्या केबलचा खर्च कुणाच्या माथी. उत्तर लेखी घ्या. ‘होऊन जाईल’ हे तोंडी उत्तर कागदावर कसं उतरतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मंजूर भार कमी मिळाला म्हणून लगेच जागा सोडू नका. चारही गाड्या एकाच वेळी पूर्ण ताकदीने वीज ओढतायत असं क्वचितच होतं. बॅटरी साधारण ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडीच विजेचा वेग उतरवते, आणि बऱ्याच गाड्यांना मुळात १२० किलोवॅट घेताच येत नाहीत. भार वाटून देणारी यंत्रणा बसवली तर ३०० केव्हीएवरही चार गन (गाडीला लावायचे केबलचे प्लग) चालवता येतात. फक्त गर्दीच्या वेळी प्रत्येकाला थोडं कमी मिळेल. याचा बिलातही फायदा आहे. अनेक ठिकाणी युनिटांखेरीज महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवरही आकार लागतो, आणि ती मागणी १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीने मोजतात. एका संध्याकाळी अर्धा तास चार गाड्या एकदम लागल्या की महिनाभराचा तो आकडा ठरून गेला. सुरुवातीला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा हा आकार फार बोचतो.

आता बाकीच्या परवानग्या. नावं आणि खाती जागोजागी वेगळी, पण विषय तेच: जमिनीचा वापर आणि बांधकाम, हमरस्त्यावरून आत-बाहेर येण्याची वाट, अग्निसुरक्षा, केबलसाठी रस्ता खोदणं आणि शेवटी वीज सुरू करण्याआधीची विद्युत सुरक्षा तपासणी. हे अर्ज एकामागून एक न करता बरोबरीने चालवा. यातलं रस्ता खोदण्याचं प्रकरण दिसतं किरकोळ, पण वेळ तेच खातं, कारण त्याच चरात पाणी, गॅस, टेलिफोनवाले सगळेच असतात. आणि प्रत्येक खात्याकडे एकाच आवृत्तीचा नकाशा जाऊ द्या, कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकून. एका नकाशात ट्रान्सफॉर्मर कुंपणाला चिकटून आणि दुसऱ्यात तीन मीटर आत दिसला की फाइल परत आलीच म्हणून समजा. शेजारी घरं असतील तर चार्जरच्या पंख्यांच्या आवाजाचा मुद्दा तुम्हीच आधी काढा आणि कॅबिनेटचं तोंड दुसरीकडे फिरवा.

नकाशा कागदावर जमला की जागेवर जा, चुन्याने पट्टे आखा आणि खऱ्या गाड्या उभ्या करून बघा. चार्जिंगचं तोंड कुणाचं पुढच्या डाव्या अंगाला, कुणाचं मागच्या उजव्या कोपऱ्यात. केबल वीतभर कमी पडली की गाडीवाला तिरका लावतो आणि दोन जागा अडवतो. मोठ्या प्रवाहाची केबल जड असते, लिक्विड कूलिंगची असली तरी ती लांबवर ओढत न्यायची वस्तू नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला स्क्रीन आणि गन दोन्हीपर्यंत हात पोचतो का, हे बसून बघा, उभ्याने कळत नाही. चार्जरपुढे लोखंडी खांब हवेतच. नवशिका चालक रिव्हर्स घेताना पहिली धडक त्यांनाच देतो. पाणी साचणारा कोपरा टाळा, आणि चर खणलाच आहे तर दोन रिकामे पाइप जास्तीचे टाकून ठेवा. नंतर काँक्रीट फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

मशीन निवडताना तुमच्याकडच्या गाड्यांना कोणता प्लग चालतो (सीसीएस, चाडेमो, जीबी/टी की आणखी काही) ते बघा आणि ओसीपीपीची (चार्जर आणि सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी बोलण्याच्या खुल्या प्रमाणाची) अट घाला. म्हणजे उद्या सॉफ्टवेअरवाला बदलला तरी मशीन तेच राहील. त्या जागी मोबाइलचं नेटवर्क तपासा. सिग्नल नसेल तर पैसे घ्यायचीच पंचाईत.

वेळेचं म्हणाल तर पाया, चर, फरशी ही कामं काही आठवड्यांची. ट्रान्सफॉर्मर आणि उच्चदाबाचं स्विचगिअर मागवल्यावर यायला मात्र कित्येक महिने लागू शकतात, म्हणून भारमंजुरीचं पत्र हातात पडताच त्यांची ऑर्डर द्या. आणि भाडं वीज सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू होईल, असं कलम जागामालकाकडून करारात घालून घ्या. तो कुरकुरेल. निदान पहिले काही महिने अर्ध्या भाड्यावर तरी आणाच.

भारमंजुरीचा आकडा आणि जोडणीबिंदूचं अंतर कळलं की इथेच लिहा. दोन-दोन गनची सुटी मशीनं घ्यायची की एक मोठं पॉवर कॅबिनेट आणि त्याला चार डिस्पेन्सर (नुसते गन असलेले खांब), हे त्यावरून सांगता येईल.