पोरीचा प्रयोग फसलेला नाही, भाऊ

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझा प्लास्टिकच्या चटयांचा छोटा कारखाना आहे. आंडेर, म्हणजे माझी लेक, एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इपॉक्सीत (पातळ असताना ढवळता येणारं, नंतर कडक होणारं प्लास्टिक) एक टक्का कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळून उष्णता वाहून नेणारं प्लास्टिक करायचं, असा तिचा प्रोजेक्ट होता. वीज वाहू लागली, पण उष्णतावाहकता ०.२ वरून जेमतेम ०.२६ झाली. वर्ष वाया गेलं. मी तिच्या गाइड सरांना फोन केला, ते 'निकाल चांगला आहे' म्हणतात, मला पटत नाही. आता तिने एमपीएससीचा क्लास लावावा म्हणतो, तर ती धड बोलतही नाही. मुलगा असता तर कारखान्यातच बसवला असता. काय करावं?

उत्तर : भाऊ, प्रोजेक्टचं नंतर बोलू. आधी तो फोन. एम.एस्सी.ला असलेल्या लेकीच्या परस्पर तुम्ही तिच्या सरांना फोन केलात. सरांनी चांगलं सांगितलं, तर तेही मानलं नाहीत. मग विचारलंत कशाला? ती बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतं, मला नाही वाटत. घरी आल्यावर रोज निकाल लागणार असेल, तर कोण तोंड उघडेल? तुमच्या दोन पानी पत्रात 'वाया' हा शब्द पाच वेळा आहे. तिला काय आवडतं, याबद्दल एक ओळ नाही.

आता तुमचा गैरसमज. एकट्या नॅनोट्यूबची उष्णतावाहकता २००१ साली मोजली गेली तेव्हा ती ३००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात निघाली, तांब्याची ४००. म्हणून आपण सरळ हिशेब मांडतो : शंभरात एक भाग टाकला, म्हणजे निदान ३० तरी यायला हवेत. दुधात साखर घातल्यासारखा हा हिशेब इथे चालत नाही. शेतात पऱ्हाट्या अस्ताव्यस्त पसरल्या आहेत असं समजा. काड्या लांब आणि बारीक असल्या, तर थोड्याच काड्यांत या बांधापासून त्या बांधापर्यंत साखळी जुळते. विजेला एवढं पुरतं. दोन काड्यांमध्ये प्लास्टिकचा एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा राहिला, तरी इलेक्ट्रॉन तो ओलांडतो. शिवाय इपॉक्सी मुळात वीज वाहूच देत नाही, त्यामुळे साखळी जुळताच वाहकता अब्जावधी पटींनी उसळते. उष्णतेचं तसं नाही. ती अणूंच्या थरथरीतून पुढे सरकते. ताठ नळीची थरथर आणि मऊ प्लास्टिकची थरथर जुळत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर बरीचशी उष्णता अडते. नळी आतून कितीही वेगवान असो, सांधे हजारो आहेत. १ टक्क्यावर ०.२६ हा आकडा त्यामुळे अगदी रास्त आहे. पोरीने जे मोजलं ते खरं लिहिलं. ३० लिहून आणले असते, तर मी काळजी केली असती.

तुमच्या घरातलं उदाहरण घ्या. ठिबकच्या काळ्या नळीत उन्हापासून बचावासाठी दोन-अडीच टक्के काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक असतो. नळी काळी होते, पण वीज वाहत नाही, कारण गोल कणांची साखळी तेवढ्यात जुळत नाही. का जुळत नाही, ते जेवताना तिला विचारा. बघा बोलते की नाही.

पुढचे रस्ते नेहमीचेच : नेट-जेआरएफ, गेट, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पीएच.डी. एमपीएससी तिला मनापासून हवी असेल तर जरूर द्यावी, पण रुसलेल्या बापाची समजूत घालायला देऊ नये. एक कडू गोष्टही सांगतो. पाटीवर 'नॅनो' लिहिलेल्या नोकऱ्या फार नाहीत. प्लास्टिकचा दाणा, एक्स्ट्रुडर (दाणा वितळवून आकार देणारं यंत्र), मास्टरबॅच (रंग किंवा कार्बन आधीच दाट मिसळलेला दाणा) कळणारा आणि शिवाय मोजमाप करता येणारा माणूस मात्र कारखान्यांना सापडत नाही.

आणि आता तुमचं ते वाक्य. 'मुलगा असता तर.' भाऊ, जळगावात चटईचा कारखाना चालवणाऱ्याच्या घरात प्लास्टिकमधून वीज वाहवणारी लेक आहे आणि तो मला विचारतो, हिला कोणत्या क्लासला घालू? तुमच्या पत्राला माझं खरं उत्तर एवढंच : कारखाना दाखवायला तिला बोलवा. मालकीण हो म्हणू नका, लगेच तर नकोच. दोन महिने एक्स्ट्रुडरवर उभी राहू द्या, हिशेबाची वही बघू द्या. तिला नको वाटलं तर तिने जावं, तुम्ही तोंड पाडायचं नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना स्थिर वीज साठू न देणारे ट्रे आणि चटया लागतात. त्यात नॅनोट्यूब परवडतील की साधा वाहक कार्बन ब्लॅकच बरा, हा हिशेब तिला तुमच्यापेक्षा चांगला करता येईल.

मात्र उत्साहाच्या भरात नॅनोट्यूबची सुटी पूड शेडमध्ये आणून उघडू नका. ती हवेत उडते आणि फुफ्फुसात जाते. शिवाय तुमचं चटईचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे इपॉक्सी नव्हे, त्यात ती हाताने ढवळून पसरायची नाही. तयार मास्टरबॅच मिळतो, पाच किलोचा नमुना मागवा. ऑर्डरचा फोन तिला करू द्या.