हिवाळ्यात घाटीच्या बातम्या वाचून धास्ती वाटते, गावाकडे आईला दमा आहे. या बातम्यांतलं काय खरं धरायचं?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आई गेवराईजवळच्या गावात राहते, दम्याचा जुना त्रास आहे, तुम्ही पुण्यात. थंडी पडली की छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या बातम्या सुरू होतात. मेडिसिनचे वॉर्ड फुल्ल, जमिनीवर गाद्या, फ्लूचे रुग्ण वाढले, 24 तासांत अमुक मृत्यू. त्यावर किती विसंबायचं आणि वेळ आलीच तर आईला तिथे न्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका दैनिकात आरोग्याचं बीट सांभाळलं. असल्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात, त्यामुळे त्या कशा तयार होतात ते माहीत आहे. बातमी बहुतेक वेळा खरी असते. पण ती दवाखान्यावरच्या ताणाची बातमी असते. तुमच्या आईला आज किती धोका आहे, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते आईच्या श्वासावरून कळतं, आणि जवळच्या डॉक्टरला कळतं.

आधी ‘वॉर्ड फुल्ल’ घ्या. घाटीचं वैद्यकीय महाविद्यालय 1956 सालचं. रुग्णालयाच्या मंजूर खाटा 1,177. मराठवाड्याचे आठ जिल्हे तर आहेतच, शिवाय बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर या बाजूचे रुग्णही तिथेच येतात. सरकारी दवाखाना ‘खाट नाही’ म्हणून अत्यवस्थ माणसाला दारातून परत पाठवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. रेल्वेतून पडलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्यामुळे खासगीत खाटा भरल्या की दार बंद होतं. सरकारीत खाटा भरल्या की गादी जमिनीवर येते. फोटोत ती गादी वाईट दिसते, आणि ती वाईटच आहे, खाटा वाढायलाच पाहिजेत. पण त्या गादीवरच्या माणसाला सलाइन आणि ऑक्सिजन चालू असतो, हेही त्याच फोटोत असतं. ते बघा.

बरं, हिवाळ्यातच एवढी गर्दी का? लोकांना वाटतं काहीतरी साथ आली. थोडीफार साथ असतेच. पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे, त्याची बातमी होत नाही. दिवाळीनंतर सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी विकून हातात चार पैसे आलेले असतात. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, पिशवीचं ऑपरेशन, जे जे उन्हाळ्यापासून पुढे ढकललेलं असतं ते सगळं या दिवसांत काढलं जातं. थंडीत जखम लवकर भरते, असा समजही गावोगाव आहे. म्हणजे सर्जरीच्या खाटा लोक ठरवून भरतात, मेडिसिनच्या खाटा थंडी भरते, आणि बातमीत दोन्ही मिळून एकच ‘फुल्ल’ होतं.

त्यात ऊसतोड. बीड जिल्ह्यातली, तुमच्याच गेवराई-माजलगावकडची कर्ती माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात ती मार्चच्या सुमारास परत येतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. कॅज्युअल्टीच्या दारात पहाटे वाकळ पांघरलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. सोबत मुलगा नाही, सून नाही, शेजारचा कुणीतरी जीप करून घेऊन आलेला. त्याला विचारलं, कधीपासून दम लागतोय? तर तो म्हणायचा, ‘चार-पाच रोज झाले म्हणतेत, मला रात्री कळलं.’ औषधांची पिशवी घरीच राहिलेली, आधीचा कागद एक नाही. डॉक्टरांचा पहिला अर्धा तास माहिती गोळा करण्यातच जातो. हिवाळ्यात मोठ्या दवाखान्यात जास्त माणसं दगावतात याचं एक मोठं कारण हा उशीर आहे, आणि तो तुमच्यासारख्या बाहेरगावी असलेल्या मुलाला घरबसल्या कमी करता येतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता आकडे. फ्लूच्या बातमीत तीन शब्द नीट वाचा : संशयित, बाधित, आजअखेर. संशयित म्हणजे लक्षणं आहेत, स्वॅब घेतला, रिपोर्ट यायचाय. बाधित म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह. घाईच्या मथळ्यात हे दोन्ही कधीकधी एकत्र मोजलेले असतात. ‘आजअखेर’ म्हणजे बहुधा 1 जानेवारीपासून. म्हणून डिसेंबरच्या बातमीतला आकडा वर्षातला सगळ्यात मोठा असणारच, तो नुसता वाढत जातो. गेल्या आठवड्यात नवे किती, हे वाचा. ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. शिवाय सौम्य फ्लूची तपासणी करायची नाही, असा केंद्राच्या आरोग्य खात्याचा नियमच आहे. अ गट म्हणजे साधा ताप-खोकला, त्याला घरी विश्रांती. ब गटात जोराचा ताप असलेले, तसंच मधुमेही, गरोदर, म्हातारे, दमेकरी असे जोखमीचे लोक. त्यांना गरज वाटल्यास रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करतात. क गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, त्यांना भरती आणि तपासणी. म्हणजे आकड्यात दिसतात ते बरेचसे क गटातले, भरती झालेले लोक. मग ‘बाधितांपैकी इतके दगावले’ हे प्रमाण भयंकर दिसणारच, कारण घरी बरे झालेले त्यात मोजलेलेच नसतात.

तुमची आई ब गटात येते. हे एक वाक्य लक्षात ठेवा. ते औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं, त्यामुळे तिला ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर ‘बघू दोन दिवस’ चालणार नाही.

फ्लू आपल्याकडे वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, पावसाळा सरता सरता आणि जानेवारी ते मार्च. दरवर्षी. 2025च्या जानेवारीत एचएमपीव्हीची केवढी घबराट झाली ते आठवतं का? बंगळुरूत दोन बाळांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि दोन दिवसांत आपल्याकडे मास्कच्या बातम्या. तो विषाणू 2001 सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलाय आणि आपल्या देशात आधीपासून फिरतोय, असं आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तेव्हाच सांगितलं होतं. ‘नवा विषाणू’ असा मथळा दिसला की आयसीएमआर किंवा राज्याचा आरोग्य विभाग काय म्हणतो ते शोधा. ते सहसा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतं.

‘24 तासांत मृत्यू’ ही सगळ्यात जास्त हलवणारी बातमी. 2023च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. अख्खा देश हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधखरेदी आणि रिकाम्या पदांवर सरकारला जाब विचारला. अशा बातम्या यायलाच हव्यात, त्याशिवाय हे प्रश्न कोर्टापर्यंत जात नाहीत. पण घरच्या माणसासाठी निर्णय घेताना त्या बातमीत आणखी एक गोष्ट शोधा : दगावलेल्यांपैकी किती जण दुसरीकडून रेफर होऊन आले होते, आणि येऊन किती तास झाले होते. आसपासच्या खासगी दवाखान्यांनी शेवटच्या घडीला पाठवलेला रुग्णही मोठ्या दवाखान्याच्याच नावावर लिहिला जातो. दाखल किती, बरे होऊन गेले किती, हे शेजारी दिलेलं नसेल तर नुसत्या मृत्यूच्या आकड्यावरून दवाखाना चांगला की वाईट, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही कधी सांगता आलं नाही.

अजून एक बारकावा, बाहेरच्याला सहसा कळत नाही तो. वॉर्डातली मोजणी रात्री 12 वाजताची असते. सिस्टरच्या टेबलावर जाडजूड रजिस्टर असतं, त्यात जुने, नवे, सुट्टी, पळाले, दगावले अशी रोजची बेरीज-वजाबाकी चालते. रात्री दोनला आलेला आणि पहाटे पाचला गेलेला माणूस त्या खाटांच्या मोजणीत कुठेच बसत नाही, मृत्यूच्या रजिस्टरात मात्र येतो. आणि फ्लूने मृत्यू झाला की नाही, ते नंतर समिती कागद तपासून ठरवते. म्हणून आज छापलेला आकडा पुढच्या आठवड्यात कमी-जास्त झाला तर त्यात लपवाछपवीच असते असं नाही.

डिसेंबरात बातम्या वाढायला नागपूरचं हिवाळी अधिवेशनही कारण आहे. आमदार तारांकित प्रश्न टाकतात, त्याची उत्तरं द्यायला मंत्रालयातून माहिती मागवली जाते, अधिष्ठाता वॉर्डांची पाहणी करतात, आणि बंद पडलेलं यंत्र वर्षभर बंद असलं तरी त्याची बातमी त्याच पंधरवड्यात येते. हे चांगलंच आहे, त्या दिवसांत यंत्रं दुरुस्त होतात. फक्त त्यावरून ‘आत्ताच सगळं बिघडलं’ असं समजू नका.

आता आईबद्दल. पहिलं म्हणजे ‘दमा’ हा शब्द आपल्याकडे धाप लागणाऱ्या सगळ्याच आजारांना लावतात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला बऱ्याचदा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्याचा आजार, असतो. एकदा फुफ्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या आणि डॉक्टरांना विचारून ठेवा, की बरी असताना हिचा ऑक्सिजन किती असतो. तो आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवा. बोटाला लावायचं यंत्र घेऊन द्या. एरवी 94च्या खाली गेलं की काळजीचं, पण सीओपीडीत नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, म्हणून आधीची नोंद लागते. पंपाची सवय लागते म्हणून रोजचा पंप बंद करणारी माणसं फार आहेत. रोजचा पंप वेगळा, धाप लागल्यावरचा वेगळा, हे तिला समोर बसून दाखवा. आणि डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास चालू असते तेव्हा मळणीयंत्राच्या धुराळ्यात तिला जाऊ देऊ नका. पऱ्हाट्यांची शेकोटी पण नको. रात्री बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको, कोळशाचा वायू झोपेतच माणूस नेतो.

थांबायचं नाही ते कधी? एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, पुढे वाकून बसावं लागतं, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत बडबडतो. यातलं एकही दिसलं तर बातमी, थंडी, मध्यरात्र, कशाचाही विचार करू नका. 108ला फोन. घरात लहान नातवंडं असतील तर त्यांचंही सांगते : पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना 40 किंवा जास्त असेल तर न्युमोनियाची शंका धरून लगेच दाखवा.

कुठे न्यायचं? थेट घाटीत नाही. गेवराईहून बीड खूप जवळ, संभाजीनगर त्याच्या दुपटीहून लांब. धाप लागलेल्या माणसाला आधी ऑक्सिजन आणि नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, लागतं, आणि ते गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात मिळतं. तिथून गरज पडली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे, 1974 पासूनचं. घाटी हा तिसरा टप्पा. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झालीत, त्यामुळे सगळा मराठवाडा घाटीच्याच दारात जाण्याची गरज हळूहळू कमी व्हायला हवी. खर्चाचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे केस पेपर आणि काही तपासण्यांचे पैसे पडू शकतात. म्हणून रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या; भरती झाल्यावर योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या आरोग्यमित्राला भेटून आईचा आजार महात्मा फुले योजनेत बसतो का ते विचारा.

घाटीत जायची वेळ आलीच तर अपघात विभागातून जा, ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. आणि आजच एक काम करा. एका पिशवीत जुने कागद, चालू पंप, ऑक्सिजनचा नेहमीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, तुमचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर, असं घालून ती दाराजवळ खुंटीला लावायला सांगा. त्या शेजाऱ्याला तुम्ही स्वतः फोन करा, ‘दम लागला की मला पहिल्याच दिवशी कळवा’ म्हणून बजावून ठेवा. बीडहून पुढे पाठवलं तर रेफर चिठ्ठीवर कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, ते लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू देऊ नका.