वाचनालयात कात्री आणि काड्या? चालेल की!

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे वेगळे ग्रंथपाल नाहीत त्यामुळे पुस्तकांचं कपाट माझ्याच ताब्यात असतं. पाचवी-सहावीची मुलं वाचनाच्या तासाला येतात, पुस्तक उघडतात, चित्रं बघतात आणि ठेवून देतात. मला तिथेच हाताने काहीतरी करायचा कोपरा सुरू करायचाय, पण मुख्याध्यापक सर म्हणतात गोंगाट होईल, पुस्तकं खराब होतील, शिवाय पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, जरूर करा, फक्त एक सांभाळा, कोपऱ्यातलं काम पुस्तकातून निघालं पाहिजे आणि परत पुस्तकाकडे गेलं पाहिजे. नाहीतर तो कार्यानुभवाचा दुसरा तास होतो आणि कपाट तसंच बंद राहतं.

पैशांचं म्हणाल तर अरविंद गुप्तांचं काम बघा. टेल्कोतले (म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधले) हे इंजिनिअर १९७८मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलची वॉल ट्यूब (हवा भरायच्या तोंडावरची बारीक रबरी नळी) आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, त्यांनी बरीच वर्षं हेच केलं, २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर पुस्तकं आणि व्हिडिओ फुकट आहेत, मराठीतही आहेत.

तुम्ही एवढंच करा, वॉल ट्यूबचे दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे कापा, काड्यांची पेटणारी टोकं आधीच घरी काढून टाका, आणि दोन्ही बाजूंनी काडी घालून मुलांना त्रिकोण आणि चौकोन करू द्या. मग म्हणा, दाबा. चौकोन लगेच कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. कुणीतरी आपणहून चौकोनात तिरकी काडी बसवायला जाईल, ती आखूड पडेल, मग लांब काडी शोधायची धावपळ होईल, तेव्हा मधे पडून उत्तर सांगू नका! त्याच वेळी पूल, मोबाइलचे टॉवर, घराच्या छपराची कैची यांची चित्रं असलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवा. मुलं तिरक्या पट्ट्या शोधायला लागतात आणि चित्राखालचा मजकूरही वाचतात, कारण आता त्यांना तो हवा असतो.

दुसरं काम मला त्याहून आवडतं, मुलांची स्वतःची पुस्तकं. एक एफोर कागद घ्या, घड्या घालून त्याचे सारखे आठ भाग पाडा, उलगडून आखूड कडा एकमेकींवर आणून अर्धा दुमडा आणि घडीच्या बाजूकडून सुरू करून मधल्या उभ्या रेषेवरून मधल्या आडव्या रेषेपर्यंत कात्री चालवा. परत उलगडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकलली की मधली फट उघडते, ती मिटवत नेली की आठ पानांचं पुस्तक तयार, गोंद नाही, स्टेपलर नाही. आजीची पिठल्याची कृती, विहिरीतल्या कासवाची गोष्ट, गावातल्या एसटीचं वेळापत्रक, काहीही येऊ दे. आणि त्याला कव्हर, लेखकाचं नाव आणि दाखल नोंदवहीसारख्याच (नव्या पुस्तकांची नोंद करतो ना, तशा) एका वेगळ्या वहीत नंबर द्या. शेजारच्या वर्गातल्या मुलीने आपलं पुस्तक घरी नेलंय हे कळल्यावर मूल दुसरं लिहायला बसतं, आणि लिहिताना अडलं की छापील पुस्तक उघडून बघतं की गोष्ट सुरू कशी करतात. वाचन यापेक्षा वेगळं काय असतं हो?

सरांना सांगा, आठवड्यात एकच तास, कपाटापासून लांब सतरंजीवर, आणि हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात नाही. गोंगाट होणारच, चौकोन का कलला यावर मुलं भांडत असतील तर तो होऊ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. प्रदर्शनाची घाई मात्र नको, सव्वीस जानेवारीला मांडायचं ठरलं की शिक्षकच रात्री बसून मॉडेल करतात आणि मुलांच्या हाताला काही येत नाही.