लाळ गळणाऱ्या गाईची हकीकत

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

खानापूर तालुक्यात पोस्टिंग मिळालं, बरं झालं. पावसाळ्यात तिकडच्या रस्त्यांवर गाडी जपून चालव. पण आता कथा-कादंबऱ्या बंद, फक्त मेडिसिनचीच पुस्तकं, असं लिहिलंयस ते काही पटलं नाही.

उद्या कुणीतरी येऊन सांगेल, "डॉक्टर, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय बघा. लाळ गळायलीय, वैरण गिळेना." तू टॉर्च घेऊन तोंडात हात घालायला धावशील. थांब. आधी मालकाला बोलू दे. गाय सारखी हंबरते का? आवाज घोगरा झालाय का? आणि मागे कधी गोठ्यात कुत्रं शिरलं होतं का? कुत्र्याचं तो आपणहून सांगणार नाही. रेबीज दिसायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर जखम भरलेली असते आणि त्याच्या लेखी तो विषय संपलेला असतो. मग विचार, तोंडात हात कुणी कुणी घातला? घरातल्या एकानं तरी घातलेला असतोच. त्या सगळ्यांना त्याच दिवशी लसीसाठी सरकारी दवाखान्यात पाठव. गाईसाठी मात्र लक्षणं दिसल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

हे प्रश्न पुस्तकात सापडतील. पण सांगणारा मधला काळ कुठे गाळतो, कुठल्या प्रश्नाला बायकोकडे बघतो, हे टिपायचा कान मला कथा वाचून आला.

जेम्स हेरियट वाच. खरं नाव आल्फ वाइट. १९३९ साली ग्लासगोहून व्हेटर्नरी पास झाला, यॉर्कशरमधल्या थर्स्कला प्रॅक्टिस केली. पहिलं पुस्तक १९७० मध्ये आलं, तेव्हा पन्नाशी उलटली होती. मला तो अधूनमधून फार गोड वाटतो. पण उघड्या अंगानं गोठ्याच्या फरशीवर पालथं पडून अडलेलं वासरू फिरवणं त्यानं लिहिलंय ना, ते वाचताना आपलेच खांदे भरून येतात.

रजिस्टरात आपण 'गाय, वय ५, लाळ' एवढंच लिहितो. शेजारी एक वही ठेव. मालकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरव, मराठी असो की कन्नड. आपल्याकडे एका वाक्यात दोन्ही येतात, तेही तसंच.

पुढेमागे त्यातून कथा लिहावीशी वाटली तर हेरियटनं थर्स्कचं डॅरोबी केलं, तसं गावाचं नाव बदल. शिंगांचं वर्णनही बदल. आपल्या भागात शिंगांवरून बैलाचा मालक सांगणारी माणसं अजून आहेत.

तुझा,
सर