सुकवलेलं रिकॉम्बिनंट प्रोटीन पहिल्यांदा विरघळवताना

रिकॉम्बिनंट प्रोटीनची (म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेल्या प्रोटीनची) कुपी आली की लगेच झाकण उघडू नका. १० मायक्रोग्रॅम पावडर बहुतेकदा दिसतही नाही. ती झाकणाला किंवा काचेला चिकटलेली असते. आधी अर्धा-एक मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, म्हणजे ती तळाशी येते.

मग त्या लॉटची माहितीपत्रिका वाचा. सगळी प्रोटीनं पीबीएसमध्ये (तटस्थ पीएचचं फॉस्फेट-मिठाचं द्रावण) घालायची नसतात. टीजीएफ-बीटा १ (पेशींची वाढ नियंत्रित करणारं एक प्रोटीन) साधारणपणे ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, कारण तटस्थ पीएचला ते नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकला चिकटतं.

१० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर द्रावण घातलं की ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. याहून पातळ साठा ठेवायचा तर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) हवंच, नाहीतर प्रोटीन ट्यूबच्या भिंतीवरच राहतं आणि पेशींना डोस कमी पडतो. (पुढे प्रोटीनला लेबल, म्हणजे चमकणाऱ्या रंगासारखी खूण, जोडायचं असेल तर मात्र बीएसए नको, लेबल त्यालाच लागेल.) द्रावण कडेने सोडा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हलकेच फिरवा. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) अजिबात नको. फेस आला की प्रोटीन बिघडायला लागतं.

त्याच दिवशी १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर टाळा, त्यात तापमान वरखाली होतं. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका.

पेशींच्या माध्यमात १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं असेल, तर थेट दहा हजार पट पातळ करू नका. शंभर पट, मग पुन्हा शंभर पट करा. थेट केलं तर १ मिलिलिटर माध्यमाला ०.१ मायक्रोलिटर लागतं, आणि तेवढं पिपेटने अचूक येत नाही.